सुधारणा नाही

मला राग आला की मी शिवणयंत्र इतक्या जोरात चालवते की शेजारच्या वहिनी भिंतीपलीकडून विचारतात, "आज कोणावर?" त्या बुधवारी मी म्हटलं, "वहिनी, आज सगळ्यांवर." आणि ते खरंच होतं. कॉलेजच्या मॅडमवर, त्यांच्या नियमांवर आणि सगळ्यात जास्त माझ्या सख्ख्या बापावर. पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई उगाच तोंडाळ आहे. तोंडाळ मी आहेच, पण उगाच नाही.

बाबा बसमध्ये कंडक्टर होते. आवाज असा की पुढच्या दारातून बोलले तर शेवटच्या सीटवर पेंगणारा माणूस सावरून बसायचा. निवृत्त झाले, आई गेली, मग माझ्याकडे राहायला आले. आमचे हे ट्रक घेऊन गेले की आठवडाभर दर्शन नाही, तेव्हा घरात बाबा असले की बरं वाटायचं. एका सकाळी दाढी करता करता बाबा खाली बसले आणि उठले ते उजवा हात आणि वाचा घालवूनच. हात हळूहळू वळणावर आला. वाचा नाही आली. डॉक्टर म्हणाले, "त्यांना समजतं सगळं. शब्द सापडत नाहीत." जन्मभर बोललेल्या माणसाकडे दोनच शब्द उरले होते. "पुढे सरका."

तुम्ही हसाल. आम्हीही हसलो, रडून झाल्यावर. चहा हवा असला तरी "पुढे सरका", नको असला तरी तेच. आत्या भेटायला आली आणि गळ्यात पडून रडायला लागली, तर तिलाही तेच. ती बिचारी खरंच खुर्चीवर सरकून बसली. पण नंतर नंतर लोक यायचेच बंद झाले. जे यायचे ते बाबांसमोर बसून मला विचारायचे, "जेवतात का? झोप लागते का?" अहो, तो माणूस तुमच्या पुढ्यात बसलाय, बहिरा नाही झालाय. अंगाची नुसती लाही लाही व्हायची माझी.

तर अशात ती मुलगी आली. आमच्या भागातल्या कॉलेजात वाचा-उपचार शिकवतात. शेवटच्या वर्षाच्या मुलांना सहा महिने दर बुधवारी अशा घरांमध्ये पाठवतात. त्यांचा अभ्यासही होतो, लोकांचं कामही होतं, पैसे काही नाहीत. आमच्या वाट्याला आली ती इतक्या हळू आवाजात बोलायची की ऐकायला मला मशीन थांबवावं लागायचं. म्हटलं, बोलायला शिकवायला आलेल्या मुलीचंच बोलणं ऐकू येत नाही, आनंदी आनंद आहे.

पहिले काही बुधवार तिनं चित्रांची कार्डं दाखवली. कप, किल्ली, टोपी, मासा. बाबांनी तोंड फिरवलं. ती आणखी हळू बोलायला लागली. बाबा मुद्दाम कानामागे हात धरायचे. त्यांना ऐकायला खणखणीत येतं, मला माहीत आहे. ती जरा मोठ्यानं बोलली की हात तसाच, आणखी मोठ्यानं बोलली तरी तसाच. मग एकदा त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवलं, इथून काढ आवाज. पोरगी आधी गोंधळली, मग असं काही ओरडली, "हे काय आहे?" की पलीकडून वहिनी धावत आल्या. बाबा पोट धरून हसले. त्यानंतर दोघांचं जमलं.

दारावरची बेल ती दोनदा वाजवायची. कंडक्टर दोनदा घंटी देतो ना गाडी सोडताना, तशी. एका बुधवारी बेल वाजली आणि बाबा खुर्चीतून म्हणाले, "घंटी." मी कोणाच्या तरी पँटची चेन बसवत होते, सुई बोटात घुसली. कितीतरी महिन्यांनी नवा शब्द. तेव्हापासून तिचं नाव घंटी पडलं ते पडलंच.

पुढच्या खेपेला घंटीनं कार्डं पिशवीत टाकली आणि म्हणाली, "चला आजोबा, साबण आणायचाय." कोपऱ्यावरच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदाराला आधीच दम भरला, "ते मागतील. तुम्ही ओळखून काढून द्यायचं नाही." मीही मागे गेले होते, खोटं कशाला बोलू, मला बघवत नव्हतं. बाबा काउंटरपाशी उभे. "सा... सा..." मागे रांग वाढत चाललेली. एकजण घड्याळ बघतोय, एक बाई उसासे टाकतेय. दुकानदाराचा हात साबणाकडे गेला तशी या चिमुरडीनं त्याच्याकडे असं बघितलं की हात तिथंच राहिला. बाबांच्या कपाळावर घाम. आणि मग, "साबण." दुकानदार म्हणाला, "कुठला देऊ?" असा राग आला मला त्याचा. पण घंटी खूष झाली. म्हणाली, "बघा ताई, ते त्यांच्याशी बोलायला लागले."

खरंच लागले. न्हावी थांबायला लागला, दूधवाला थांबायला लागला. वहिनी तर भाजी निवडायला आमच्याच ओट्यावर येऊन बसायच्या आणि बाबांना विचारायच्या, "ही कुठली भाजी सांगा, नाहीतर आज तुम्हाला हीच खायला लावते." अख्ख्या गल्लीला थांबायला शिकवलं त्या पोरीनं. आणि स्वतः? पहिल्या दिवशी जिचा आवाज मशीनखाली दबत होता, ती आता रस्त्यात उलट्या बाजूनं येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला पोटातून ओरडून थांबवायची. ती सांगायची, वर्गात प्रश्न विचारायला हात वर करायचा म्हटलं तरी तोंडचं पाणी पळायचं तिच्या. आता म्हणे मॅडमशी वाद घालते. पुस्तकातून हे येत नाही. तिला ते बाबांनी दिलं आणि बाबांना तिनं दिलं. असली योजना ज्यानं काढली त्याचं भलं होवो, असं मी गिऱ्हाइकांना सांगत सुटले होते.

सहा महिने संपत आले तेव्हा बाबा तीन-तीन, चार-चार शब्द जोडत होते. "मला चहा दे. साखर कमी." बाहेरून घरात आले की मला काही ना काही सांगायचे. मी म्हणायची, "हो बाबा, हो," आणि माझं मशीन चालू. कपडे वेळेवर द्यायचे असतात, काय करणार.

मग मूल्यमापनाचा बुधवार उगवला. विभागप्रमुख मॅडम स्वतः घरी येतात, तीच कार्डं दाखवतात आणि माणूस किती सुधारला ते लिहितात. त्यावर मुलांचं पास-नापास. घंटीनं केस नीट बांधले होते, माझ्याकडून कॉलर इस्त्री करून घेतली होती. बाबांनाही मी चांगला शर्ट घातला.

मॅडमनी कप दाखवला. बाबा म्हणाले, "पुढे सरका."

किल्ली. "पुढे सरका." टोपी. "पुढे सरका." मासा. तेच.

मला वाटलं, पुन्हा झटका आला. मी त्यांचं तोंड बघितलं, वाकडं नव्हतं. हात बघितला, हात ठीक. घंटीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मॅडम, मागच्या बुधवारी त्यांनी दुकानात जाऊन..." मॅडम म्हणाल्या, "होतं असं कधी कधी, दडपण येतं. पण मला जे दिसतं तेच लिहावं लागणार." आणि कागदावर लिहिलं, सुधारणा नाही. उठताना मला समजावायला म्हणाल्या, "तुम्ही काळजी करू नका. ज्यांच्यात फरक पडत नाही त्यांना आम्ही पुढच्या तुकडीकडे देतो. ज्यांच्यात पडतो त्यांची केस बंद होते."

तेव्हा मी बाबांकडे बघत होते. त्यांनी सुस्कारा सोडला. परीक्षा सुटलेल्या मुलासारखा.

मॅडम गेल्या. घंटी मोरीत तोंड धुवायला गेली ती बाहेरच येईना. मी चहा टाकला, दुसरं सुचत नव्हतं. ती आली, डोळे लाल, खुर्चीच्या काठावर बसली. आणि आमचे वडील, ज्यांना तासाभरापूर्वी कप म्हणता येत नव्हता, कप तिच्याकडे सरकवत स्वच्छ म्हणाले, "घंटी, गरम चहा घे."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "बाबा," मी म्हटलं, "हे काय नाटक आहे? त्या बाईंपुढे दातखीळ बसली होती आणि आता चहाचा आग्रह? पोरीनं सहा महिने रक्त आटवलं तुमच्यासाठी, आणि तुम्ही?" आणखीही बरंच बोलले मी. तेव्हाच मी मशीनवर बसले आणि वहिनींनी भिंतीपलीकडून विचारलं.

बाबांनी मला बोलू दिलं. मग बोट खिडकीकडे केलं. "मास्तर," ते म्हणाले. "मास्तर... बंद."

मला उमगायला वेळ लागला, घंटीला लगेच उमगलं. पलीकडच्या गल्लीत एक शिकवणीवाले मास्तर राहतात. त्यांनाही असाच झटका आलेला, त्यांच्याकडे आधीच्या तुकडीचा मुलगा यायचा. मास्तर कविता म्हणायला लागले होते. परीक्षेत पहिले आले म्हणा ना. फुलांचा गुच्छ मिळाला, फोटो निघाला, केस बंद. मुलगा गेला. मास्तरांची बायको ठार बहिरी, मुलगा परगावी. दुकानात जाता-येता बाबा त्यांना खिडकीत बघायचे. आधी मास्तर तिथून हाक मारायचे. मग नुसता हात करायचे. आता हातही करत नव्हते.

"मी... बंद... नको," बाबा म्हणाले.

झालं. माणसानं बोलायला शिकावं म्हणून योजना, आणि बोलायला शिकला की योजना बंद. म्हणजे शहाण्यानं काय करायचं? मुकं राहायचं. आमचे बाबा शहाणे आहेत. हयातभर लोकांनी तिकीट चुकवायला केलेल्या युक्त्या त्यांनी पकडल्या, त्यांनी बरोबर फट शोधली. फक्त त्या फटीत कोणाचा पाय अडकला ते त्यांना दिसलं नाही.

"बाबा," मी म्हटलं, "तुमच्यात सुधारणा नाही म्हणजे ही नापास. हिचं वर्ष गेलं."

घंटी घाईघाईनं म्हणाली, "असू दे ताई, सांगू नका ना. मी परत करीन सत्र. उलट मलाच पुन्हा आजोबांकडे मागून घेता येईल." आणि हसायला गेली, पण जमलं नाही. तिच्या घरी धाकटी भावंडं आहेत आणि ही कधी कमवायला लागतेय याची सगळे वाट बघतायत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

बाबांनी आपला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "नाही." आणि वाकून पलंगाखालचे बूट शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मुलांचं शेवटचं सादरीकरण होतं, बाहेरून परीक्षक आले होते. आम्ही तिघं जाऊन थडकलो. लांबलचक ओसरीत बाकं, भिंतीवर घसा आणि जीभ यांची मोठी चित्रं, आणि एका फलकावर फोटोच फोटो. कोणी आजी हसतेय, कोणी मूल हसतेय, शेजारी पांढऱ्या कोटातली मुलं. मास्तरही होते, गुच्छ घेऊन. बाबा त्यांच्यापुढे थांबले, मी दंडाला धरून पुढे नेलं.

मॅडम दारातच म्हणाल्या, "मूल्यमापन एकदाच होतं. पुन्हा करता येत नाही."

"मग काल झालं ते मूल्यमापन नव्हतंच," मी म्हटलं. "काल हे मुद्दाम बोलले नाहीत. का ते विचारा." आणि कोणी विचारायची वाट न बघता सांगूनही टाकलं. ओसरीतली मुलं वळून बघायला लागली. घंटी माझी बाही ओढत होती.

मॅडम वाईट नाहीत, हेही सांगायला हवं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "ताई, माझ्याकडे मूठभर मुलं आहेत. आणि वाट बघणारी घरं मुलांच्या तिप्पट. कित्येकांना अजून एकही बुधवार मिळालेला नाही. तुमच्या वडिलांना ठेवलं तर त्यातल्या कोणाला नाही म्हणू, तुम्हीच सांगा."

पण उत्तर नसलं म्हणून राग जातो असं थोडंच आहे. "ते मला नाही कळत," मी म्हटलं. "पण बोलायला लागलेल्यालाच तुम्ही आधी उतरवता. मुक्याला काय, भिंत पण चालते. बोलायला लागलेल्या माणसालाच तर समोर माणूस लागतो. तुमच्या मुलांना शिकायला आमची माणसं हवीत, घ्या ना, आनंदानं घ्या, त्यात दोघांचं भलं आहे, मी डोळ्यांनी बघितलंय. पण शिकून झालं की उचलून पुन्हा खिडकीत नेऊन ठेवायला ती काय तुमची कार्डं आहेत?"

आतून परीक्षक बाहेर आले. चष्मा कपाळावर, हातात चहा. काय गोंधळ आहे विचारलं. मॅडमनी थोडक्यात सांगितलं. त्यांनी बाबांना निरखून बघितलं आणि म्हणाले, "बसवा की त्यांना. दोन मिनिटांचं तर काम आहे."

बाबा टेबलापाशी बसले. एका बाजूला मॅडम, एका बाजूला परीक्षक, भिंतीला लागून सगळी तुकडी उभी. मी बाबांच्या पाठीशी. घंटीला कोपऱ्यात बसवलं होतं, तिनं बोलायचं नाही म्हणून.

"कप," बाबा म्हणाले. "किल्ली. टोपी. मासा." एकेक शब्द, कंडक्टरनं तिकीट फाडून हातात द्यावं तसा. मग मॅडमनी मोठं चित्र पुढे ठेवलं, बाजाराचं. बाबा म्हणाले, "बाई फळं घेते. मुलगा रडतो. कुत्रा... कुत्रा पळाला." एका शब्दाला अडले, तर कोणी पुरवायच्या आत स्वतः शोधून आणला. घंटी ओठ दाबून रडत होती. मॅडमनी कालचा कागद काढला, सुधारणा नाही यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, लक्षणीय सुधारणा. खाली सही केली. घंटीला म्हणाल्या, "उत्तम काम केलंस." मुलांनी टाळ्या वाजवल्या, एकानं फोटोसाठी फोन काढला. मॅडम बाबांकडे वळल्या, हसून, अगदी मनापासून. "अभिनंदन आजोबा. आता तुम्हाला आमची गरज नाही. तुमची केस आम्ही बंद करतोय."

टाळ्या थांबायची बाबांनी वाट बघितली. मग म्हणाले, "मग... मी आता... कोणाशी बोलू?"

परीक्षकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "वा," ते म्हणाले. "पाच शब्दांचं वाक्य. प्रश्नार्थक. आणि कार्डावर नसलेलं, स्वतःचं. मॅडम, हे नोंदवा. हे फार महत्त्वाचं आहे."

आणि मॅडम लिहायला लागल्या.

"अहो," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, "तो प्रश्न आहे. उतरवून घ्यायला नाही विचारला त्यांनी. कोणीतरी उत्तर द्या त्यांना."

मॅडमचं पेन थांबलं. परीक्षक टेबलाकडे बघायला लागले. मी टेबलाला वळसा घालून बाबांच्या समोर आले, आता बघू हे काय उत्तर देतात अशा थाटात. पण बाबांचं लक्ष मॅडमकडे नव्हतं, परीक्षकांकडेही नव्हतं. ते मघापासून खुर्चीत मान मागे वळवून, मी जिथं उभी होते तिथं बघत होते. मी समोर आले तशी मान परत वळवली आणि पुन्हा माझ्याकडेच बघत राहिले, उत्तराची वाट बघत.